वाचलेला घास कुणाचा?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या झटके येणाऱ्या मुलाला शिष्यांकडे घेऊन येतो. शिष्यांची मात्रा चालत नाही. येशू मुलाला बरे करतो. घरात गेल्यावर शिष्य हळूच विचारतात, आम्हाला का नाही जमले? येशू उत्तर देतो ते प्रार्थनेचे. बहुतेक हस्तलिखितांत त्यापुढे ‘आणि उपास’ अशी जोड आहे. पण अभ्यासक ज्यांना विशेष मानतात त्या चौथ्या शतकातल्या दोन प्रतींच्या, व्हॅटिकन आणि सिनाईच्या, मूळ मजकुरात ती नाही. सिनाईच्या प्रतीत तर मागाहून कुणी दुरुस्ती करून ती भरली आहे. कुणा लेखनिकाला नुसती प्रार्थना अपुरी वाटली असावी.

मला त्या लेखनिकाबद्दल आपुलकी आहे. पोटभर जेवून केलेली प्रार्थना बरेचदा ओठांवरच राहते. भूक लागली की आपण किती परावलंबी आहोत हे शरीर स्वतःच सांगते, त्याला प्रवचन लागत नाही. पण याच जोडीतून एक वेगळी समजूतही पक्की होते: प्रार्थना हा अर्ज आणि उपास हा त्यावरचा वशिला.

महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत ‘उपवास प्रार्थना’ होते. सकाळपासून काही न खाता बायका येतात, चटईवर बसतात. गीते होतात, साक्षी होतात. मग विनंत्या: मुलाची नोकरी, सुनेचे बाळंतपण, नवऱ्याची दारू. डोळे पुसले जातात, शेजारणीच्या डोक्यावर हात ठेवला जातो. हा ओलावा खरा आहे, त्याची थट्टा करणाऱ्याने एकदा तिथे जाऊन बसावे. तरीही ‘तीन शुक्रवार धरले आणि काम झाले’ अशी साक्ष ऐकली की तिच्यात नवसाचा वास येतो. काम झाले नाही, त्या बाईने काय समजायचे? उपास कमी पडला?

हे दुखणे ख्रिस्ती धर्माहून जुने आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे नेमकी हीच तक्रार करतात: आम्ही उपास करतो, तुझे लक्ष कुठे आहे? उत्तर असे येते की उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवून घेता. मला हवा तो उपास म्हणजे जुलमाचे जू मोडणे, उपाशी माणसाला आपल्या भाकरीतला वाटा देणे. उपासाचा सगळा हिशेब इथे ताटाकडून शेजाऱ्याकडे सरकतो.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी तो अक्षरशः मांडला. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या रोममधल्या ग्रंथात पद्धत दिली आहे: उपासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ते पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावेत. त्याच शतकात अथेन्सचा अरिस्तिदेस रोमच्या सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतो की कुणी गरीब असेल आणि यांच्याकडे शिल्लक काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याचे अन्न पुरवतात. मला या दोन नोंदी पुढच्या सगळ्या उपास-शास्त्राहून वजनदार वाटतात. पुढे ऑगस्टिनने उपास आणि दानधर्म यांना प्रार्थनेचे दोन पंख म्हटले. एकाच पंखावर उडू पाहणारे पक्षी मात्र त्यानंतर पुष्कळ निघाले.

नियम आला की पळवाट आलीच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. (आपल्या उपासाच्या ताटातले बटाटे, रताळी, शेंगदाणे आणि हल्ली ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, सगळे मूळचे अमेरिकेतले. ते जगभर पसरले ते युरोपच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांमुळे, हाही एक गमतीदार योग.) मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या उपासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असत. उत्तरेकडे ऑलिव्हचे तेल पिकत नाही, तेव्हा लोणी खाण्याच्या परवानग्या पैसे घेऊन दिल्या जाऊ लागल्या. फ्रान्समधल्या रूआँ कॅथेड्रलच्या एका मनोऱ्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण त्याच्या बांधकामाला अशा परवानग्यांचा पैसा लागला. उपासातून वाचलेला घास विधवेकडे जायचा होता. इथे उपास मोडण्याचे पैसे दगडात गेले.

याचा भडका झुरिकमध्ये उडाला. मार्च 1522, उपासकाळातला पहिला रविवार. फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी सॉसेज कापून वाटले गेले. छापखान्यात काम तुंबले आहे आणि नुसत्या लापशीवर माणसे राबत नाहीत, असा त्याचा बचाव होता. धर्मगुरू झ्विंग्ली हजर होता, त्याने सॉसेजला हात लावला नाही, पण काही दिवसांतच अन्नाच्या स्वातंत्र्यावर प्रवचन दिले. स्विस धर्मसुधारणेची ठिणगी म्हणून हा प्रसंग सांगतात. मला त्यातला राबणारा कामगार महत्त्वाचा वाटतो. यशयातले मजूर आणि छापखान्यातले हे मजूर यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी तक्रार एकच.

कॅथलिक चर्चने 1966 मध्ये पोप सहावे पॉल यांच्या आदेशाने नियम पुष्कळ सैल केले. आता सक्तीचे उपास दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. उपास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडेसे, तेही वयाच्या अठरापासून साठीला लागेपर्यंत. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. आता उत्तनच्या कोळी ख्रिस्ती घराचा विचार करा. जिथे रोजचेच कालवण बोंबलाचे, तिथे मटण टाकून मासळी खाणे हा कसला त्याग? पण त्याच आदेशात प्रार्थना आणि सेवेची कामे हेही प्रायश्चित्ताचे मार्ग म्हणून सांगितले आहेत, म्हणजे यशयाचा धागा सुटलेला नाही.

उपासाचे सगळ्यात मोठे उस्ताद इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी. नियम कधी मोडायचा हे त्यांनाच सर्वांत चांगले कळत होते. स्केतिसला एकदा आठवडाभराचा उपास जाहीर झाला. नेमके त्याच वेळी अब्बा मोशेकडे, या एकेकाळच्या दरोडेखोराकडे, लांबून पाहुणे आले. त्याने चूल पेटवली. धूर पाहून शेजाऱ्यांनी चहाडी केली. शनिवारी सगळ्यांदेखत वडीलधाऱ्यांनी मोशेला सांगितले की तू माणसांची आज्ञा मोडलीस आणि देवाची पाळलीस. पाचव्या शतकातला योहान कासियन आणखी एक किस्सा सांगतो. एका वृद्धाच्या पंक्तीला तो ‘आता पुरे’ म्हणू लागला. म्हातारा म्हणाला, आज वेगवेगळ्या पाहुण्यांसाठी सहाव्यांदा पान मांडतोय, प्रत्येकाबरोबर जेवलोय, तरी मला भूक आहे. आणि तू पहिल्याच जेवणात थकलास? सहा वेळा जेवूनही उपाशी राहण्याची ही कला मला सगळ्या व्रतवैकल्यांहून अवघड वाटते.

हल्ली उपासकाळात मोबाइल बंद ठेवायचा, मालिका पाहायच्या नाहीत, असे संकल्प ऐकू येतात. फादरही प्रवचनात ते सुचवतात. वाईट काहीच नाही. फक्त हर्मासच्या हिशेबात ते बसवून पाहावेत. उपासाच्या दिवशी वाचलेले मटणाचे पैसे मोजून कुणाला तरी देता येतात. मोबाइलचे वाचलेले दोन तासही देता येतील: अंथरुणाला खिळलेल्या मावशीला, अभ्यासात मागे पडलेल्या पुतण्याला. पण ते तसे कुणाच्या नावावर टाकावे लागतील, आणि संकल्प सोडताना ते नाव सहसा कुणी घेत नाही.