निःशब्द बाण आणि शिकाऱ्याचा संकल्प

पारंपरिक शिकारी धनुष्यात, म्हणजे ज्याला कप्पी, नेमदर्शक किंवा बाण तोलून धरणारे कोणतेही यंत्र जोडलेले नाही अशा लाकडी धनुष्यात, बाण मुठीच्या लगेच वर कोरलेल्या अरुंद कडेवर टेकलेला असतो, आणि दोरी गालापर्यंत ओढली जात असताना बाणाची काठी त्या कडेवरून मागे सरकते. काठी व कड दोन्ही कठीण असतील तर बारीक खरखर होते. ओढणाऱ्याच्या कानाला ती जेमतेम जाणवते, पण पंधरा-वीस मीटरवर चरणारे हरीण तेवढ्यानेही मान वर करते. उपाय साधा आहे. कडेवर आणि तिच्या लगतच्या उभ्या बाजूवर मऊ चामडे, नमदा किंवा आखूड केसांचे कातडे चिकटवतात, काठी घासून गुळगुळीत करतात, आणि दोरी पूर्ण ताणल्यावर पोलादी पाते मुठीला लागून वाजणार नाही इतकी बाणाची लांबी ठेवतात. हे सारे वरकरणी कारागिरीत जमा होण्यासारखे असले, तरी ज्याला मारायचे त्याच्यापासून मृत्यूची चाहूल लपवणे ही करुणा मानावी की कपट, हा प्रश्न त्या चामड्याच्या तुकड्याबरोबरच उपस्थित होतो.

करुणेच्या बाजूने सामान्यतः दिला जाणारा युक्तिवाद दोरीच्या टणत्काराविषयी आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर अशा धनुष्याचा बाण ५० मीटरच्या आसपास. त्यामुळे वीस मीटरवरच्या हरणाला बाण पोचण्यापूर्वी सेकंदाचा तिसरा हिस्सा आधी आवाज कळतो, ते उडी घेण्यासाठी अंग खाली दबवते, आणि फुप्फुसांवर धरलेला नेम चुकून बाण भलतीकडे रुततो. जखमी जनावर मग तासन्‌तास तडफडते. म्हणून दोरीला लोकरीचे किंवा फरचे झुपके बांधून टणत्कार दाबण्यात दया आहे, हे मान्य करता येते. परंतु दोरी ओढतानाच्या खरखरीला हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्या क्षणी बाण सुटलेला नसतो आणि आवाजाने बिचकलेले हरीण बहुधा सुखरूप पळून जाते. बिचकूनही जागीच थांबलेल्या हरणावर उतावळेपणाने बाण सोडला गेला तरच जखमेचा धोका उरतो. म्हणजे ते चामडे आधी हरणाची सुटका काढून घेते आणि त्यानंतर त्याच्या वेदना कमी करते. हा क्रम उलटा सांगणे ही स्वतःची फसवणूक होय.

स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये लिहिलेल्या शिकारविषयक चिंतनात असे प्रतिपादन केले आहे की शिकारी स्वतःच्या सामर्थ्याला आपणहून मर्यादा घालतो व जनावराला निसटण्याची संधी ठेवतो, आणि ही संधी नाहीशी झाली तर उरतो तो केवळ संहार. या कसोटीवर बंदूक बाजूला ठेवून लाकडी धनुष्य घेणारा माणूस उतरतो खरा. मात्र अंतराच्या बाबतीत सोडलेला वरचष्मा तो शांततेच्या मार्गाने थोडाफार परत मिळवतो. त्यात अप्रामाणिकपणा आहेच असे नाही, कारण शांतता मिळवण्यासाठी शिकाऱ्याला स्वतःला बदलावे लागते. उत्तर कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी १९११ मध्ये ओरोव्हिल येथे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जगात आला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांनी नोंदवले आहे की हरणाच्या शिकारीपूर्वी इशी मासे व तंबाखू वर्ज्य करी, पहाटे ओढ्यात स्नान करी आणि सुगंधी पाला अंगाला चोळी. ही व्रतस्थता आणि माणसाचा वास लपवण्याची युक्ती तिथे एकाच कृतीत आहेत, आणि त्यांतली कोणती खरी असे विचारणे बहुधा चुकीचे ठरेल. तोच इशी धनुष्याचे एक टोक तोंडाशी धरून बाणाने दोरीवर टिचक्या मारी व तिच्यातून संगीतही काढी.

भारतीय परंपरेला हा पेच नवा नाही. आडून बाण का मारलास, या वालीच्या प्रश्नाला रामायणातील राम जी उत्तरे देतो त्यांत एक असे आहे की मृगांना माणसे जाळी लावून, पाश टाकून, लपूनछपून मारतच आली आहेत व त्यात दोष धरला जात नाही. वालीच्या बाबतीत हे उत्तर पटो वा न पटो, त्यात हरणाची बाजू कोणी मांडलेली नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी १५७३ मध्ये आपली टीका पूर्ण केली, अवधूत आपले गुरू सांगताना कांकणांचा आवाज होऊ नये म्हणून हातात एकेकच ठेवणारी कुमारी आणि राजाची मिरवणूक शेजारून गेलेली न कळलेला बाण घडवणारा कारागीर, या दोघांना एकाच अध्यायात आणतो. त्याने कुमारीकडून एकांत घेतला, कारागिराकडून एकाग्रता घेतली. तो बाण कोणाला लागणार हे मात्र विचारले नाही. जैन आचारशास्त्र नेमके तेच विचारते. गृहस्थाच्या हातून स्वयंपाकात, उद्योगात किंवा स्वसंरक्षणात घडणारी हिंसा ते वेगळी काढते आणि संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूनेच केलेली हिंसा, सर्वथा वर्ज्य ठरवते. या दृष्टीने शिकाऱ्याची काळजी त्याच्या बाजूचा पुरावा राहत नाही. आदल्या रात्री बसून कडेवर नीट चिकटवलेले कातडे संकल्प किती पक्का होता एवढेच दाखवते.

तरीही या खटाटोपाचा एक उपयोग शिल्लक राहतो, आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पूर्ण ताणलेली दोरी बाण न सोडता सावकाश परत आणता येते. त्या वेळी काठी त्याच कडेवरून पुढे सरकते, आणि कड मऊ असेल तर हरणाला काहीच न कळता ते चरत राहते. महाभारतातील किंदम ऋषी, जो मृगरूपात समागम करीत असताना पांडूच्या बाणांनी मेला, पांडूला शाप देताना शिकारीबद्दल दोष देत नाही. समागम पूर्ण होईपर्यंत तू थांबायला हवे होतेस, एवढीच त्याची तक्रार आहे. थांबणे पांडूच्या हातात होते. त्याने पाच बाण मारले होते.