बसावे की न बसावे?

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण माथेरानला गेलो होतो. तेथे मोटारगाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षाने जायचे. आमच्यातील एका आजोबांचे गुडघे दुखत होते. तरी ते म्हणाले, “माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही.” रिक्षा ओढणारा शांतपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही चालत गेलात तर मला काय मिळणार?”

कोणाचे बरोबर होते?

माणसाच्या बळावर चालणारी सगळी वाहने सारखी नसतात. डोलीत बसणाऱ्याचा पूर्ण भार भोयांच्या खांद्यावर असतो. हातरिक्षाचा भार चाकांवर येतो; पण एरवी जनावर जुंपतात त्या जागी, दोन दांड्यांमध्ये, माणूस असतो. चढाला ओढायचे, उताराला अंगाने रोखायचे. सायकलरिक्षावाला निदान बसून पायडल मारतो. घाम तोही गाळतो, पण तो चालक असतो, जुंपलेला नसतो.

आणखी एक फरक डोळ्यांना दिसत नाही : वाहन कोणाच्या मालकीचे? स्वतःची रिक्षा स्वतः चालवील त्यालाच परवाना, असा सायकलरिक्षांचा कायदा पंजाबने १९७५ साली केला. हेतू चांगला होता. पण भाड्याची रिक्षा चालवणाऱ्या गरिबाने ती विकत कशी घ्यावी? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या कर्जातून त्यांना मालक होण्याची वाट काढून दिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी याच न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले; आणि खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाडेतत्त्वावर द्याव्यात, असेही सुचवले.

आम्हाला वाटते, उत्तर येथेच आहे. नुसते “मी बसणार नाही” म्हटल्याने आपले मन स्वच्छ राहते, पण त्याची मजुरी बुडते. नुसते “त्याला पैसे मिळतात ना” म्हटल्याने तो दांड्यांमध्येच राहतो. त्याला दांड्यांतून सोडवायचे, पण रिकाम्या हाताने नव्हे.

त्या दिवशी आजोबा अखेर बसले. मोठा चढ आला तेव्हा मात्र थांबवून उतरले, हळूहळू चालले, आणि ठरलेले भाडे पूर्ण दिले. आम्ही बाकीच्यांनी मात्र नाक्यावर भाड्यासाठी घासाघीस केली होती. ते आठवले की आजही आम्हाला लाज वाटते.

आपल्या घरी तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर खांद्यावरून आणणारा येतो, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागतो? या आठवड्यात आपण सर्वांनी याचा विचार करू या.