वृद्ध आईबापांस नाताळाची भेट

(वाचावयाचा शास्त्रभाग : २ शमुवेल १९:३१–३९)



नाताळ जवळ आला आहे. घरोघरीं करंज्या-लाडवांची तयारी चालली असेल. मुलांस काय द्यावें हें ठरविणें सोपें असतें, कारण मूल हट्ट करून मागून घेतें. म्हातारें माणूस मागत नाहीं. “मला काय करायचंय बाबा, तुम्ही सुखी असा,” इतकेंच तें म्हणतें. आणि आपण तें बोलणें खरें मानून, किंवा खरें मानल्याचें सोंग करून, बाजारांत पहिली दिसेल ती शाल घेऊन मोकळे होतों. ह्या बाबतींत आमच्याकडून जें घडलें तें आम्ही आधीं सांगतों, म्हणजे पुढील बोलणें कोणास उपदेशकाचा तोरा वाटणार नाहीं.

आमच्या मातोश्री गांवीं एकट्या राहत असत व आम्ही दुसऱ्या तालुक्यांत सेवेवर होतों. ओळीनें तीन नाताळ आम्हीं त्यांस शाल नेली. चौथ्या वर्षीं शेजारच्या मावशींनीं आम्हांस अंगणांतच गांठलें व म्हटलें, “मास्तर, शाली लई झाल्या. म्हातारीची बाज बघितलीत का?” आम्हीं जाऊन पाहिलें. सुंभ तुटून बाजेची झोळी झाली होती. गुडघे धरलेल्या माणसास त्या झोळींतून रात्रीं उठतां येत नाहीं, म्हणून मातोश्री दोन हिंवाळे खालीं भुईवर निजत होत्या. शाली पेटींत जशाच्या तशा होत्या, घडीसुद्धां मोडलेली नव्हती. बाज विणावयास अर्धा दिवस लागला आणि खर्च एका शालीहून कमी आला. त्याच बाजेच्या कांठावर बसून आम्ही तीन वर्षें चहा प्यालों होतों!

आतां शास्त्रभागाकडे वळूं. दावीद राजा अबशालोमापुढून पळाला तेव्हां महनाइम येथें गिलादी बर्जिल्लय ह्यानें व इतरांनीं त्यास व त्याच्या लोकांस सामान पुरविलें. त्या यादींत (२ शमुवेल १७) गहूं, जव, मध ही पुढें येतात. पहिलें नांव अंथरुणांचें आहे. दमलेल्या माणसास आधीं काय लागतें हें त्या म्हाताऱ्यास ठाऊक होतें. पुढें राजास राज्य परत मिळालें, तेव्हां त्यानें बर्जिल्लयास यरुशलेमेस येऊन आपल्याजवळ राहण्याचें आमंत्रण दिलें. भेट राजाला शोभेशी होती, परंतु घेणारा ऐंशी वर्षांचा होता. त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, आतां अन्नाची चव कळत नाहीं, गाणें ऐकूं येत नाहीं, मी तेथें येऊन तुजवर भार कां व्हावें? मला माझ्या गांवीं, आईबापांच्या कबरेजवळ मरूं दे. न्यावयाचेंच तर किम्हामास ने.

दाविदानें येथें जें केलें तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्यास राग आला नाहीं, त्यानें आग्रहही धरला नाहीं. किम्हामाचें तुझ्या मनास येईल तसें करीन, आणि आणखी जें मागशील तें देईन, असें म्हणून त्यानें त्याचें चुंबन घेतलें व त्यास घरीं जाऊं दिलें. “आईला शहरांत आणून ठेवतों” म्हणणाऱ्या, व ती नको म्हणाली कीं रुसणाऱ्या मुलांनीं हा भाग दोनदां वाचावा.

पौलाचेंही असेंच. तुरुंगांतून तो तीमथ्यास लिहितो तेव्हां नवा झगा मागत नाहीं. त्रोवसांत कार्पाकडे राहिलेला आपला तोच झगा आणावयास सांगतो, आणि हिंवाळ्यापूर्वीं येण्याविषयीं विनवितो.

तेव्हां विचारा, आणि उत्तर मिळालें नाहीं तर पाहा. दांत नसलेल्या आजोबांपुढें चकलीची परात काय कामाची? साखरेचा विकार असेल तर करंजीही नको. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर मोठ्या अक्षरांचें शास्त्रही व्यर्थ. सरकारी रुग्णालयांत त्याची शस्त्रक्रिया मोफत होते, परंतु तेथवर हात धरून नेणारें व रात्रभर बांकावर बसणारें आपलें माणूस लागतें. तें माणूस तुम्ही व्हा.

आमच्या सेवक बंधूंस एक कठीण गोष्ट सांगणें आहे. मंडळीचें काम आहे, गीतांची तयारी आहे, वर्गणी गोळा करावयाची आहे, म्हणून घरीं जातां येत नाहीं, असें आपण म्हणतों. मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें ‘कुर्बान’ ह्या शब्दावरून परूश्यांस जें सुनावलें तें आपल्यासही लागूं आहे. आईबापांचें देणें देवास वाहिलें आहे असें सांगून त्यांस रिकाम्या हातांनीं ठेवणें प्रभूस मान्य नव्हतें. सन २००७ मध्यें आपल्या देशांत आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा करावा लागला; पांचवी आज्ञा पाठ म्हणणाऱ्यांच्या घरीं त्याची गरज पडूं नये.

आणि ज्यांचे आईबाप अद्याप ख्रिस्ती नाहींत, त्यांचें काय? बाबा पदमनजी ह्यांनीं १८५४ त बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला, त्या पिढीपासून हें दुःख आपल्या मंडळ्यांस माहीत आहे. कोणा बापानें मुलास घराबाहेर काढलें असेल, त्याच्या नांवानें आंघोळही केली असेल. तरी पांचव्या आज्ञेंत आईबापांच्या विश्वासाची अट घातलेली नाहीं. त्यांना भेट द्याच, पण घोंगडीच्या घडींत हस्तपत्रिका लपवूं नका. तीं भोळीं दिसलीं तरी भेट कोणती व आमिष कोणतें हें त्यांस बरोबर समजतें. त्यांनीं प्रभूविषयीं विचारलें तर मोकळ्या मनानें सांगा. न विचारल्यास सरपण फोडून द्या, पाणी भरा, एक रात्र तेथें राहा, आणि त्यांच्या हातची भाकरी नाक न मुरडतां खा.

ज्यांस २५ डिसेंबरास मंडळी सोडतां येत नाहीं, त्यांनीं आधींच्या आठवड्यांत जाऊन यावें. म्हातारीं माणसें तारीख धरून बसत नाहींत, वाटेकडे डोळे लावून बसतात. जातांना बाजेसाठीं सुंभ बरोबर घ्यावा. आमच्याकडे तो आठवड्याच्या बाजारांत मिळतो, आणि विणतां येत नसेल तर गांवांत एखादे म्हातारबाबा शिकवावयास बहुधा असतातच.