आमचा संघ, आपला संघ

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाने ती चारचौघांत किती मोठ्याने उच्चारावीत हा स्वतंत्र विषय आहे, आणि मी तो इतकी वर्षे प्रसंग पाहून हाताळीत आलो आहे. आज मला दुसरीच दोन साले आठवतात. १६१३ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार या शहरात कायम झाली आणि १६८७ मध्ये त्याच कंपनीने आपले मुख्य ठाणे येथून उचलून मुंबईला नेले. म्हणजे ‘कंपनी’ हा शब्द अंगवळणी पडण्यात सुरत हे हिंदुस्थानातल्या पहिल्या गावांपैकी एक, आणि कंपनी जशी येते तशी जाते, हेही पहिल्यांदा अनुभवले ते सुरतेनेच.

आपल्या खानदेशात हा शब्द अजून जिवंत आहे. नंदुरबार-दोंडाईचाकडचा मुलगा तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरतो, पांडेसऱ्यात एखाद्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये चिकटतो, आणि गावी आई शेजारणीला सांगते, ‘पोऱ्या कंपनीमा लागना.’ कंपनीचे नाव काय, मालक कोण, तिथे काय बनते, हे तिला ठाऊक नसते. कंपनी म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा. तेवढ्यावर तिचा विश्वास असतो.

या कंपनीने खेळाचा संघ उभा केला तर तो संघ कोणाचा? प्रश्न पोरकट वाटेल, आणि तो विचारलाही पोरांनीच. २०१७ साली प्रो कबड्डीत गुजरातचा संघ प्रथमच उतरला. मालकी अदानी समूहाची. पहिल्याच वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पाटण्याकडून हरला. दुसऱ्या दिवशी आमच्या नववीच्या वर्गात सुतक होते. ‘सर, आपण हरलो.’ मी म्हटले, ‘आपण म्हणजे कोण रे? पकडी करणारा फझल अत्राचली इराणचा, पैसा अहमदाबादच्या शेठचा, आणि तू शिरपूरचा.’ त्यावर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘मग सर, टीम गुजरातची की अदानींची?’ मी त्याला उत्तर दिले नाही. तास भूमितीचा होता, हे निमित्त पुरले.

उत्तराची वाट मात्र आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. गुजरातीतही हा भेद तसाच आहे: ‘अमे’ आणि ‘आपणे’, ‘अमारी टीम’ आणि ‘आपणी टीम’. हिंदीच्या ‘हमारी’ला आणि इंग्रजीला ही सोय नाही. नवापूरच्या फलाटावर बसून दोन राज्यांत गप्पा मारणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद दोन्हीकडून कळतो. मालक म्हणतो ‘आमचा संघ’, आणि ते कागदोपत्री खरे असते. प्रेक्षक म्हणतो ‘आपला संघ’. ते कागदावर कुठेच नसते. आणि तरीही मालकाला हवा असतो तो नेमका हा दुसरा शब्द. कोणी ‘आपला’ म्हटलेच नाही तर संघावर केलेला सगळा खर्च वाया गेला.

या गोष्टीचा इतिहास बास्केटबॉलमध्ये फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेत १९३७ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग निघाली ती जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन आणि गुडइयर या कंपन्यांच्या पुढाकाराने. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री त्याच कारखान्याच्या नावाचा सदरा घालून खेळ, असा तो काळ. इंडियाना प्रांतातल्या फोर्ट वेन या गावी फ्रेड झोलनर यांचा पिस्टन बनवण्याचा कारखाना होता. त्यांचा कंपनीचा संघ १९४१ मध्ये या लीगमध्ये उतरला. नावच ‘झोलनर पिस्टन्स’. १९४४ आणि १९४५ मध्ये ते अजिंक्य झाले. पुढे आज जी एन.बी.ए. म्हणून जगभर प्रसिद्ध आहे तिच्यातही ते आले आणि १९५५ व ५६ अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम फेरीत हरले. गाव लहान, मैदान लहान, हिशेब जुळेना. १९५७ मध्ये झोलनर यांनी संघ डेट्रॉइटला हलवला. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर, तेव्हा ‘पिस्टन्स’ हे नाव तिथे आणखीच शोभले. १९७४ मध्ये त्यांनी संघ विकला. संघ आजही खेळतो आहे आणि नावही तेच आहे. फक्त ज्या गावच्या कारखान्यात पिस्टन बनत होते, ते गाव त्यातून गेले. कायद्याने कोणाचे काही गेले नाही. संघ झोलनर यांचा होता आणि त्यांनी तो नेला.

दुसरे उदाहरण सुरतकरांना जवळचे वाटेल, कारण ते कापडवाल्यांचे आहे. फिलिपाइन्स देशात १९७५ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलची लीग सुरू झाली. तिथे संघांना शहरांची नावे नाहीतच, कंपन्यांचीच आहेत. त्यात क्रिस्पा नावाचा संघ तयार कपडे बनवणाऱ्या फ्लोरो कुटुंबाच्या कंपनीचा आणि त्याचा प्रतिस्पर्धी टोयोटाचा. या दोघांच्या सामन्याच्या दिवशी घराघरांत दोन तट पडत. आता बनियनच्या छापावरून आणि मोटारीच्या नावावरून माणसांनी भांडावे हे हास्यास्पद नाही काय? मला तसे वाटत नाही. माणूस निष्ठा ठेवायला जागा शोधत असतो आणि जवळ मिळेल ती जागा घेतो. १९८३ मध्ये क्रिस्पाने वर्षातली तिन्ही अजिंक्यपदे जिंकली. १९८४ च्या आरंभी टोयोटा बाहेर पडली आणि वर्ष संपताना क्रिस्पाही संपला. टोयोटाने आपली जागा विकली तेव्हा खेळाडूही त्यासोबत नव्या मालकाकडे जाणार होते. रॉबर्ट जावोर्स्की या खेळाडूने जायला नकार दिला आणि तो दुसऱ्या संघात गेला. पुढे तो त्या देशाच्या सिनेटमध्ये निवडून आला. ठाणावरचा माल जसा दुकानाबरोबर विकला जातो तसे आपण विकले जाणार नाही, एवढे म्हणायला एक माणूस उठला, ही त्या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे बास्केटबॉलची व्यावसायिक लीग २०१५ मध्ये निघाली. ‘पुणे पेशवे’ असाही एक संघ होता. किती पुणेकरांना तो ठाऊक होता, देव जाणे. काही वर्षांतच ती लीग थांबली आणि कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. पेशव्यांचे नाव उसने आणून ‘आपण’ तयार होत नाही, हे त्यावरून दिसते.

हळहळ झाली ती फुटबॉलच्या महिंद्र युनायटेडसाठी. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा हा मुंबईचा संघ १९६२ पासूनचा. कूपरेज मैदानावर चार-पाच दशके खेळला. २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद. मुंबईने फुटबॉलमध्ये देशात पहिले यावे ही सोपी गोष्ट नव्हती. २००९-१० चा हंगाम संपला आणि कंपनीने संघ बंद केला. शाळकरी मुलांच्या फुटबॉल स्पर्धेकडे वळत असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पंजाबातल्या फगवाड्याच्या जे.सी.टी. या कापड गिरणीनेही संघ गुंडाळला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा तो संघ! आज भारतीय फुटबॉलचे प्रशिक्षकपद २०२५ पासून ज्यांच्याकडे आले त्या खालिद जमील यांची खेळाडू म्हणून कारकीर्द पाहा: महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफ.सी. या तिन्हींपैकी एकही संघ आता राष्ट्रीय स्पर्धेत दिसत नाही. माणूस देशाच्या सर्वोच्च जागी पोहोचला आणि मागे वळून ‘हा माझा संघ’ म्हणून दाखवायला काही उरले नाही.

तर मग प्रश्न असा, की अशा वेळी कंपनी काही वाईट करते काय?

बचावाची बाजू दुबळी नाही. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो. त्यावर पहिला हक्क कामगाराच्या पगाराचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या, तेव्हा कोणत्या गिरणीच्या संघाचे काय झाले हे विचारण्याची शुद्ध कोणाला होती? (त्या गिरण्यांचे काम पुढे भिवंडीच्या आणि आमच्या सुरतेच्या यंत्रमागांवर किती आले, हे सांगायला नको. आमच्या शाळेतली अर्धी पटसंख्या त्या मागांची ऋणी आहे.) शिवाय, दान देणाऱ्याने दान थांबवले म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही.

पण ते दान होते का, इथेच माझी अडचण आहे. पूर्वी खेळाला राजाश्रय असे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्ल पोसले, सांगलीचे विजय हजारे बडोदे संस्थानच्या सेवेत राहून क्रिकेट खेळले. संस्थाने गेली, मग रेल्वे, बँका, टाटा, एअर इंडिया, महिंद्र आले. त्यांनी कबड्डी-क्रिकेटच्या पोरांना नोकऱ्या दिल्या. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची राहत असे. त्या व्यवस्थेला आपण हौशी म्हणत होतो आणि तिच्यात भाकरी कायमची होती. आता खेळ व्यावसायिक झाला, लिलावात आकडे लाखांत गेले, आणि भाकरी हंगामापुरती झाली. या उलट्या नावांची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

राजा आश्रय देत होता तेव्हा ‘आपला मल्ल’ म्हणणाऱ्या रयतेकडून त्याला काही घ्यायचे नव्हते. रयत त्याचीच होती. कंपनी मात्र घेते. ती आपले नाव आमच्या पोरांच्या छातीवर छापते, आमच्या शहराचे नाव आपल्या नावाला जोडते, आणि आमच्या तोंडून ‘आपण’ वदवून घेते. हा व्यवहार आहे आणि त्यात दुसऱ्या बाजूनेही काही दिले गेले आहे. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपानंतर गांधीजी पुढे आयुष्यभर ज्या विश्वस्तवृत्तीबद्दल बोलत राहिले, तिची चेष्टा करणे आता फॅशनचे झाले आहे. मालक आपली मालमत्ता समाजाच्या वतीने राखतो, हे गिरणीच्या बाबतीत खरे मानायला मन धजत नाही. पण खेळाच्या संघाच्या बाबतीत ते जवळजवळ शब्दशः खरे आहे. संघातून लोकांचा जीव काढून घेतला तर मालकाच्या हाती उरतात पंधरा सदरे आणि एक चेंडू.

म्हणून माझे मत असे, की कंपनीला संघ बंद करण्याचा अधिकार आहे, पण एका रात्रीत बंद करण्याचा नाही. खेळाडूंच्या पुढच्या पोटापाण्याची व्यवस्था, एका पूर्ण हंगामाची आगाऊ सूचना, आणि नाव, रंग व करंडक त्या गावाला सोपवणे, एवढे तिने करावे. ते कायद्यात कुठे लिहिलेले नाही, नसू दे. महिंद्रने निदान हंगाम पुरा खेळवला आणि शाळकरी पोरांकडे पाहिले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

माझा एक जुना विद्यार्थी, दोंडाईचाकडचा, उत्तम चढाई करणारा. येथल्याच एका डाइंग मिलने त्याला कबड्डीसाठी घेतले होते. हजेरी स्टेंटर खात्यात, पण सकाळी सराव असल्यास सूट. चार वर्षे मिलचा संघ आसपासच्या स्पर्धा गाजवत होता. मग शेठचे चिरंजीव कारभार पाहू लागले, संघ बंद झाला, आणि याला फोल्डिंगमध्ये रात्रपाळी मिळाली. नोकरी गेली नाही, हे तो स्वतःच प्रत्येक वेळी आधी सांगतो. मी विचारले, ‘वाईट वाटले का रे?’ म्हणाला, ‘सर, खेळ गेला त्याचं नाही. पण नोटीस बोर्डावर लिहिलं होतं, कंपनीची टीम बंद करण्यात येत आहे. आम्हांला कोणी बोलावून सांगितलं नाही.’

आता ते सातजण दर रविवारी लिंबायतच्या एका मोकळ्या जागेत खेळतात. दोन उडिया कामगार आणि एक गुजराती दुकानदाराचा मुलगा त्यांत नव्याने आला आहे. गेल्या नवरात्रीच्या सुमारास त्यांनी वर्गणी काढून नवे सदरे शिवले. नाव गल्लीचे घातले, रंग मात्र मिलचाच ठेवला, निळा. कापड त्याच मिलच्या फेंटमधून स्वस्तात मिळाले होते.