जागरण आणि जागृती



दुक्ममध्ये आपली माणसं भेटली की विषय झोपेवर येतोच. कोणाची रिफायनरीत रात्रपाळी, कोणी ड्रायडॉकवर, आणि माझ्यासारखा आयटीवाला सर्व्हर बंद पडला की रात्री दोनला उठणारा. मी कित्येक महिने चार-पाच तासांच्या झोपेवर काढले. खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानच होता. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे ना! जयंतीला आपणही सलग अठरा तास वाचनाला बसतो. झोप म्हणजे आळस, हे मनात पक्कं बसलं होतं.

पण त्याच चरित्रातली दुसरी पानं आपण भरभर उलटतो. राज्यघटनेच्या कामाच्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांत वेदना होत्या, रात्री झोप येत नव्हती. १५ एप्रिल १९४८ ला विवाह झाल्यावर डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचं औषधपाणी सांभाळलं. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. ते जागले ते समाजासाठी. निद्रानाश मात्र त्यांचा आजार होता. आपण वारसा कशाचा घ्यायचा?

भगवान बुद्धांनी अप्पमाद शिकवला. पण भिक्खूंना जागरूकतेचा उपदेश करतानाही रात्रीचा मधला प्रहर झोपेसाठी ठेवला: उजव्या कुशीवर, स्मृती ठेवून, उठण्याची वेळ मनात ठरवून. अंगुत्तर निकायात हत्थक आळवक कडाक्याच्या थंडीत पानांवर बसलेल्या बुद्धांना विचारतो, झोप नीट लागली का? बुद्ध होय म्हणतात, आणि समजावतात की लोभ, द्वेष, मोहाने जळणाऱ्याला मऊ गादीवरही सुखाची झोप लागत नाही.

यावरून 'झोप येत नाही, म्हणजे मन मलिन' असा निष्कर्ष मात्र काढू नका. रात्रपाळीने शरीराचं घड्याळच बिघडतं. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जा. अपुऱ्या झोपेने रक्तदाब, साखर आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. गोळ्यांआधी विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार असतात: उठण्याची वेळ रोज एकच, दुपारनंतर कॉफी नाही, झोप येईना तर अंथरुणात तळमळत न पडता उठून शांत बसणं. तेव्हा मी आनापान करतो. झोप आणण्यासाठी नाही, नुसता श्वास पाहण्यासाठी.

आणखी एक. दुसऱ्याची झोप मोडणं हाही करुणेचा प्रश्न आहे. मी ज्युनिअरना रात्री मेसेज टाकायचो, ते बंद केलं. आणि इथून साडेदहाला घरी फोन करायचो, तेव्हा तिकडे बारा वाजलेले असायचे. आई माझ्या फोनसाठी जागी असायची, हे मला फार उशिरा कळलं. आता मी आठ वाजता फोन करतो. तुम्ही किती वाजता करता?

भवतु सब्ब मंगलं.