वयस्करिगे मात्र

भिंतीभिंतींवर सिनेमाची पोस्टरे चिकटवली जात त्या काळात आमच्या हुबळी-धारवाडात काही पोस्टरांच्या कोपऱ्यात दोन कन्नड शब्द असत : ‘वयस्करिगे मात्र’. कन्नडमध्ये वयस्क म्हणजे सज्ञान झालेला आणि मात्र म्हणजे फक्त. थोडक्यात, फक्त प्रौढांसाठी. पण मराठी डोळ्यांनी हेच शब्द वाचले की अर्थ भलतीकडे जातो. आपला वयस्कर माणूस म्हणजे काठी टेकत निघालेला, आणि आपले ‘मात्र’ म्हणजे ‘पण’. सीमाभागातल्या मराठी माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. मला त्यात विनोदापलीकडेही काही दिसते. असला सिनेमा नेमका कोणासाठी, हे आपण कधी ठरवलेच नाही. तरुणांनी तो चोरून पाहायचा, संसारी माणसांनी ‘आता आपले वय का ते?’ म्हणून टाळायचा, आणि म्हाताऱ्यांनी नाव काढले तर लोकांनी हसायचे. मग पाहायचा कोणी? कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस प्रौढ ठरतो, पण त्या माणसाने काय पाहावे आणि का पाहावे, हे कायदा सांगत नाही.

मुख्याध्यापकाने अशा विषयावर लेखणी चालवावी का, असे काही पालकांच्या मनात येईल. न चालवून काय झाले ते समोर आहे. आठवीतल्या मुलाच्या हाती आज जो मोबाईल असतो त्यात देहाचे सगळे व्यवहार नागवे होऊन पडलेले आहेत, फक्त त्यांत माणूस नाही. रवी जाधव यांनी ‘बालक-पालक’ (२०१३) मध्ये व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातली चाळीतली मुले दाखवली होती. घरात कोणी सांगत नाही म्हणून ती मुले कॅसेट आणून पाहतात. कॅसेट भाड्याने आणायला निदान धीर लागत असे! पण त्या चित्रपटातला खरा प्रश्न मुलांचा नाही, पालकांचा आहे. ज्या आईबापांना स्वतःलाच शृंगाराविषयी नीट बोलता येत नाही ते मुलांना काय सांगणार? म्हणून मी इथे मुलांविषयी लिहीत नाही, मोठ्यांविषयी लिहितो आहे.

आपल्या परंपरेला हा विषय वर्ज्य नव्हता. भरताने नाट्यशास्त्रात रसांची गणती केली तेव्हा पहिले नाव शृंगाराचे घेतले आणि रतीला त्याचा स्थायीभाव म्हटले. मर्यादेचा विचारही तेव्हाच झाला होता. ‘कुमारसंभवा’तला शिवपार्वतीचा विलास हा आईवडिलांच्या विलासाचे वर्णन करण्यासारखा अनुचित आहे, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त म्हटले, आणि कालिदासाच्या प्रतिभेमुळे तो दोष झाकला जातो, असेही म्हटले. मला हा शेरा फार मार्मिक वाटतो. आपली अडचण शृंगाराची कमी आणि शेजारी कोण बसले आहे याची जास्त असते. सासऱ्यांच्या देखत जे पाहताना मान खाली जाते तेच पतिपत्नींनी एकत्र पाहिले तर त्यात लाजण्यासारखे काही उरत नाही. मान खाली गेली म्हणजे ते चित्र अश्लील ठरले, ही आपली गफलत आहे.

ही गफलत महाराष्ट्रात एका माणसाने आयुष्य वेचून दाखवून दिली. र. धों. कर्वे गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, मासिक थांबले नाही. अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ (२००१) या चित्रपटात ही कथा मांडली आहे. न्यायालयांनाही इकडे यायला वेळ लागला. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेन्सॉरचा अधिकार मान्य केला, पण कामविषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही सांगितले.

आता त्याच सुमाराच्या दोन चित्रपटांकडे येतो. एक मराठी, एक कन्नड; आपल्यासारख्या दोन्ही भाषा कळणाऱ्यांनी ते लागोपाठ पाहावेत.

‘पिंजरा’ (१९७२) न पाहिलेले मराठी घर सापडणे कठीण. शांतारामबापूंनी जर्मन ‘ब्लू एंजल’ (१९३०) या चित्रपटाची कथा तमाशाच्या फडात आणून बसवली. गावाला नीती शिकवणारा मास्तर तमाशाला गावाबाहेर काढतो, नाचणारी त्याला खाली ओढण्याचा पण करते आणि मास्तर ढासळतो. पुढे दुसऱ्याच माणसाचे प्रेत मास्तरचे समजले जाते, गाव मास्तरचा पुतळा उभारते, आणि शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फाशी स्वीकारतो. कशासाठी? तर गावाच्या मनातली आदर्शाची मूर्ती भंगू नये म्हणून. डॉ. लागूंचा अभिनय पाहताना घसा दाटतो, हे खरे. पण मी स्वतः मास्तर असल्याने या शेवटाशी माझे भांडण आहे. मास्तरला स्त्रीदेहाची ओढ वाटली हा त्याचा गुन्हा नव्हे. त्या ओढीची जाणीवच नसलेला, दगडी आदर्श म्हणून तो गावासमोर उभा राहिला होता, ती खरी चूक. चित्रपट मात्र तो दगडच वाचवतो, माणसाला फासावर देतो. शिवाय सगळा वेळ कॅमेरा नाचणारीच्या अंगावरून फिरतो आणि शेवटी उपदेश देहाविरुद्ध. पाहणाऱ्याला दोन्ही मिळते, नजरेचे सुख आणि नीतीचे समाधान. हा चित्रपट आपण मुलाबाळांसह पाहतो आणि कोणाचीही मान खाली जात नाही.

‘संस्कार’ (१९७०) चे नाव आपल्या लोकांनी ऐकलेले असते, पाहिलेला थोड्यांनी. अनंतमूर्तींच्या कादंबरीवर पट्टाभिराम रेड्डी यांनी काढला. प्राणेशाचार्यांची भूमिका गिरीश कर्नाडांनी केली, म्हणजे आमच्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजच्या विद्यार्थ्याने. आचार्यांची पत्नी जन्माची आजारी. तिची सेवा हेच त्यांनी तप मानलेले, आणि त्या तपाचा थोडा अभिमानही. अग्रहारातला बंडखोर नारणप्पा मरतो. त्याच्या प्रेताला अग्नी कोणी द्यायचा याचे उत्तर आचार्यांना पोथीत सापडत नाही, मारुतीच्या देवळातही मिळत नाही. परतताना रानात नारणप्पाची चंद्री भेटते, आणि जे घडायचे ते घडते. पडद्यावर दिसते ते अगदी थोडे, तेही कृष्णधवल. पण त्यानंतर आचार्यांना जग निराळे लागते. तहान, भूक, वास, माणसांची गर्दी, सगळे जणू पहिल्यांदाच अंगाला भिडते. हा माणूस पळतो, भटकतो, स्वतःशी वाद घालतो आणि अखेर गावाकडे परत फिरतो. सांगणार की नाही, हे कथा सांगत नाही. सेन्सॉरने हा चित्रपट आधी अडवला होता (हरकत मुख्यतः जातीच्या टीकेवर होती, हेही सांगायला हवे), पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दोन शिकलेले, मान असलेले पुरुष. दोघांना एका स्त्रीचा स्पर्श होतो. एक मूर्ती जपण्यासाठी मरतो, दुसरा मूर्ती टाकून माणूस होऊ पाहतो. माझ्या लेखी ‘प्रौढांसाठी’ हे शब्द शोभतात ते दुसऱ्याला. ज्या शृंगाराने पाहणाऱ्याला स्वतःकडे वळून पाहावे लागते, तो खरा मोठ्यांचा शृंगार.

या दोन्ही कथा पुरुषांच्या झाल्या. स्त्रीला देहाची भूक असते, हे आपल्या पडद्याने उशिरा मान्य केले. पुट्टण्णा कणगाल यांनी ‘एडकल्लु गुड्डद मेले’ (१९७३) मध्ये, पतीकडून शरीरसुख मिळणे शक्य नसलेल्या स्त्रीची ओढ जयंतीकडून उभी करून घेतली, तेव्हा कन्नड प्रेक्षकांना तो धक्काच होता. महेश मांजरेकरांच्या ‘अस्तित्व’ (२०००) मध्ये तब्बूची आदिती नवऱ्याला आणि मुलालाही सरळ प्रश्न विचारते. आणि पालेकरांचा ‘अनाहत’ (२००३) तर नियोगाची कथा आहे. राजाला मूल होत नाही म्हणून अमात्य वगैरे मंडळी राणीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायला लावतात. राणी नाखुशीने जाते, आणि सकाळी परत येते ती आपल्या देहाला काय हवे होते हे कळलेली बाई म्हणून. राज्याला वारस हवा होता; राणीला सुख मिळेल, हे कोणाच्या हिशेबातच नव्हते. सोनाली बेंद्रे आणि अनंत नाग यांचे त्यानंतरचे बोलणे पतिपत्नींनी शेजारी बसून ऐकावे. ऐकून झाल्यावर लगेच दिवा लावू नये.

एक चित्रपट मी मुद्दाम शिफारशीतून वगळतो. बेर्तोलुच्ची यांचा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) जगभर थोर म्हणून गाजला. पण त्यातल्या एका प्रसंगाचा तपशील नवख्या नटीला, मारिया श्नायडरला, आधी सांगितला नव्हता, कारण तिचा अपमान अभिनय नसून खरा दिसावा अशी आपली इच्छा होती, हे दिग्दर्शकाने पुढे स्वतःच कबूल केले. हे कळल्यावर तो प्रसंग कला म्हणून पाहणे मला जमत नाही. पडद्यावर किती कपडे उतरले यापेक्षा ते कोणाच्या संमतीने उतरले, हा प्रश्न मला मोठा वाटतो. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या चित्रफितींना तर तो विचारताच येत नाही. याच्या उलट ‘न्यूड’ (२०१८) पाहा. पोटासाठी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसणाऱ्या बाईची ही कथा. २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून हा चित्रपट काढून टाकला गेला, आणि निवड मंडळाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात उत्तेजित करणारे काही नाही. पाहणे आणि टक लावणे यांतला फरक तो शिकवतो.

हसत-खेळत शृंगार पाहायचा असेल तर कर्नाडांचाच ‘उत्सव’ (१९८४) घ्यावा. ‘मृच्छकटिका’वरचा. निर्माते शशी कपूर यांना त्याने आर्थिक खड्ड्यात घातले, पण रेखाची वसंतसेना आणि शास्त्र लिहायचे म्हणून गणिकागृहात टिपणे घेत हिंडणारा अमजद खानचा वात्स्यायन पाहून लक्षात येते की शृंगाराशेजारी हास्य बसवण्यात आपले पूर्वज वाकबगार होते. आपण शृंगार म्हटले की एकतर कुजबुजतो नाहीतर प्रवचन देतो.

आणि ‘जोगवा’ (२००९). हा मी सर्वांत शेवटी घेतला, कारण तो अगदी आपल्या दारातला आहे. सौंदत्तीची यल्लम्मा धारवाडहून चाळीसेक किलोमीटरवर. कर्नाटकात देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा १९८२ चा. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी केलेल्या या चित्रपटात केसांत जट आली म्हणून सुलीला देवीला सोडतात, तायप्पाला साडी नेसवून जोगता करतात. देह देवीचा, तेव्हा त्याला स्वतःची इच्छा असायची नाही. गावातल्या कोणाची इच्छा त्याच्यावर चालली तर चालली. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांनी या दोघांमधली ओढ ज्या तऱ्हेने दाखवली आहे तिच्याइतका शृंगार मराठीत मी क्वचितच पाहिला. साडी नेसलेल्या त्या पुरुषाला सुली पुरुष म्हणून पाहते, आणि तिच्या त्या नजरेने तो पुन्हा उभा राहतो. दर वर्षी यात्रेला भंडारा उधळायला जाणाऱ्या आपल्या मराठी घरांपैकी कितींनी तो पाहिला आहे, ठाऊक नाही. जमल्यास यंदा यात्रेला निघण्यापूर्वी नवरा-बायकोने मिळून पाहावा. मुले झोपल्यावर.