पाहण्यापूर्वीच पाहिलेले

एखाद्या प्राचीन वास्तूला भेट देण्यापूर्वी आज आपण मोबाइलवर तिची छायाचित्रे पाहतो, इतरांनी तिला दिलेले तारे मोजतो आणि मगच घराबाहेर पडतो. या सोयीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. अनोळखी माणसाला वाट सापडते; परदेशी स्थायिक झालेल्या वसईकराला गावचा किल्ला घरबसल्या दिसतो. तथापि एक प्रश्न उरतोच. जे स्थळ आपण पाहण्यापूर्वीच पाहिले आहे, ते आपल्याशी काही बोलू शकते काय?

वसईचा किल्लाच घेऊ. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने ती जिंकली. २०१६ साली ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गीताच्या चित्रफितीतून हे अवशेष जगभर पोहोचले. विवाहापूर्वीची छायाचित्रे काढून घेण्यासाठीही जोडपी येथे येतात. इंटरनेटवरील माध्यमांची रीत अशी की, ज्यावर नजर खिळते तेच पुढे आणले जाते. पुढे आलेलेच पुन्हा टिपले जाते. अशाने दोन-चार कमानी म्हणजेच किल्ला, असा समज रूढ होतो.

मग दृष्टीआड काय राहते? फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न चर्चमध्ये पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरील पोर्तुगीज अक्षरे पाहायची तर मान लववावी लागते. जेझुइटांचे जुने चर्च आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेल्या या संताला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य आले. याच किल्ल्याच्या तटावर चढताना मराठा सैनिकांनीही प्राण वेचले. त्यांची स्मृती जपणाऱ्यांनाही ही भूमी तितकीच प्रिय आहे. दोन ओळींच्या मजकुरात मात्र केवळ विजय तरी मावतो किंवा केवळ विध्वंस तरी. दोन समाजांच्या स्मृती एकाच मातीत नांदतात, हे सत्य तेथे हरवते.

तारे देऊन आपण आपले समाधान मोजतो. खाणावळीपुरते ते योग्यच आहे. परंतु जेथे मृत विसावले आहेत त्या जागेने आपले समाधान केले की नाही, हा प्रश्नच अनुचित नव्हे काय? तेथे आपण परीक्षक नसतो, पाहुणे असतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात केवळ पाहण्यासाठी पाहण्याच्या हव्यासाला नेत्रांच्या वासनेत गणले आहे. त्यांचा आक्षेप ज्ञानाला नव्हता. ज्या पाहण्याने पाहणाऱ्यात काहीच पालट होत नाही, त्या पाहण्याला होता.

सारा दोष यंत्राच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण ती चित्रे आणि ते तारे आपणच देत असतो. म्हणून मुलांना किल्ल्यात नेताना आधी त्यांना एखाद्या शिळेपाशी थांबवावे, वास्तूचे नाव सांगावे, छायाचित्र त्यानंतर काढावे. आणि ते इतरांपुढे ठेवताना ही वास्तू कोणती, येथे कोण जगले आणि कोण पडले, हे दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लिहावे. आपल्यामागून येणारा अनोळखी प्रवासी आपल्याच डोळ्यांनी ते स्थळ प्रथम पाहणार आहे.